पडलेल्या फांदीतून मुद्गलांची जोडी

मुद्गल, म्हणजे व्यायामात हाताने फिरवायचा गदेसारखा लाकडी दांडा, करायला घेतला की बहुतेकांचं सगळं लक्ष पोटाच्या, म्हणजे त्याच्या जाड भागाच्या, गोलाईकडे जातं. तुटतो मात्र तो मानेत. फिरवताना मुद्गल पाठीमागे सोडला जातो आणि खांद्यावरून पुन्हा पुढे येतो. त्या वळणावर सगळा ताण मूठ आणि पोट यांना जोडणाऱ्या दोन-अडीच इंचांवर पडतो. तिथल्या लाकडाच्या रेषा सलग असतील तर साधा, ओबडधोबड मुद्गलही वर्षानुवर्षं टिकतो. त्या तुटक असतील, तर कितीही पॉलिश केलं तरी एक दिवस पोट हातातून सुटून समोरच्या भिंतीवर जाणार. म्हणून या कामात खरी मेहनत दोनच ठिकाणी असते, फांदी निवडण्यात आणि ती वाळवण्यात. आकार देणं त्या मानाने सोपं आहे.

सोलापुरात लाकूड मिळवायला अडचण नाही. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा वारा सुटला की रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या आणि चिंचेच्या फांद्या पडतात. त्याच सुमाराला वीजतारांखालची छाटणीही चालू असते. सीनेच्या काठाला, ओढ्याला, कॅनॉलच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली असते. जळाऊ लाकडाच्या वखारीत तर वजनावर ओंडके मिळतात. तिथे दहा मिनिटं ढीग उलटापालटा केला तर हवी तशी फांदी हमखास सापडते. उभं झाड मात्र तोडायचं नाही. शहरात १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली त्याला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. बांधावरची बाभूळ शेतकऱ्याची असते, तेव्हा पडलेली फांदी उचलतानाही त्याला विचारावं. मुद्गलासाठी म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही.

कोणतं लाकूड घ्यायचं हे आधी ठरवावं, कारण त्यावरच वजन ठरतं. आपल्या भागात बाभूळ पहिल्या नंबरची. बैलगाडीची चाकं आणि औतं पिढ्यान्‌पिढ्या तिचीच होत आली, ती तिच्या चिवटपणामुळे. वेडी बाभूळ तितकीच जड आणि कणखर, पण सरळ दोन फूट मिळणं मुश्कील, आणि तिचा काटा लागला की जागा सुजून दोन-तीन दिवस ठणकते. आधी कोयत्याने काटे साफ करावेत, मगच हात लावावा. चिंच सगळ्यांत जड. तिच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे फुटत नाही, पण रंधाही नीट चालू देत नाही. कडुनिंब मध्यम वजनाचा आणि हाताला सोपा. पहिली जोडी करणाऱ्याने त्याचीच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. सुबाभूळ हलकी, मुलांच्या किंवा नवशिक्यांच्या जोडीला चांगली. बोरीची जाड फांदी मिळाली तर सोडू नये. निलगिरी पिळवटलेली असते आणि वाळताना उकलते. गुलमोहर ठिसूळ, वड-पिंपळ मऊ, शेवगा तर नुसता भुसभुशीत. कण्हेर विषारी आहे, तिच्या वाटेला जाऊच नये.

वजनाचा अंदाज आधी कागदावर काढता येतो. पूर्ण वाळलेल्या लाकडाचं ढोबळ वजन दर घन सेंटीमीटरला असं धरावं: बाभूळ ०.८ ग्रॅम, चिंच ०.९, कडुनिंब ०.७, सुबाभूळ ०.५५ ते ०.६. आता नेहमीच्या हलक्या मुद्गलाचं माप घ्या. एकूण लांबी ५५ सें.मी., त्यात मुठीच्या टोकाची गोटी ३, मूठ १५ आणि पोट ३७. मुठीची जाडी २.८ सें.मी., पोट मानेजवळ ३ पासून सुरू होऊन बुडाशी ८ सें.मी.पर्यंत रुंदावणारं. याचं आकारमान साधारण १,०८० घन सें.मी. भरतं. म्हणजे बाभळीचा मुद्गल ८६५ ग्रॅमच्या आसपास, कडुनिंबाचा ७५५, सुबाभळीचा सव्वासहाशे. नवख्याला ५०० ते ७०० ग्रॅमचा एक, अशी जोडी पुरते. वजन टोकाला असल्यामुळे तो हातात त्याच्या दुपटी-तिपटीचा वाटतो. पहिल्याच दिवशी दीड किलोची जोडी घेतली तर आधी खांदा बोलतो आणि मग मनगट.

तालमीतला जाड, सरळ दंडगोल मुद्गल हा वेगळा प्रकार. त्याचं पोट ३० सें.मी.पर्यंत सारखंच ११ सें.मी. जाड, मग १५ सें.मी.त निमुळतं होत मुठीला मिळतं. मूठ १६ लांब, ३.२ जाड. हाच बाभळीत केला तर एकेक तीन किलोच्या जरा खाली येतो. सोलापुरातल्या पाणीवेस, पत्रा तालीम या भागांतून फिरणाऱ्याला हा आकार सांगायला नको. बाटलीसारखा निमुळता आकार इंग्रजांनी इथले मुद्गल आणि ‘जोडी’ नावाचा त्यांचाच प्रकार पाहून एकोणिसाव्या शतकात त्यांच्या देशात नेला. तो इतका रुळला की १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली. घरच्या अंगणासाठी तोच सोयीचा. पुढचं सगळं त्याच्याच मापाने सांगतो.

फांदी हातात घेतल्यावर

साल काढल्यावर किमान साडेदहा सें.मी. जाडी आणि ६५ सें.मी. लांबी हवी. दोन्ही टोकांची पाच-पाच सें.मी. वाळताना उकलून वायाच जाणार आहेत. जोडीसाठी एकाच फांदीचे लागून असलेले दोन तुकडे घ्यावेत. वेगवेगळ्या झाडांच्या दोन तुकड्यांचा आकार जुळवता येतो, वजन जुळत नाही.

उभी वाढलेली फांदी आडव्या फांदीपेक्षा केव्हाही बरी. आडवी फांदी स्वतःचा भार पेलण्यासाठी वरच्या बाजूला ताणाचं लाकूड तयार करते. ते वाळताना जास्त आकसतं आणि सरळ घडवलेला मुद्गल महिन्याभरात केळ्यासारखा वाकतो. ओळखायची खूण सोपी आहे: कापलेल्या तोंडावर मधला भेंडाचा, म्हणजे मऊ गाभ्याचा, ठिपका पाहावा. तो बराच एका बाजूला सरकलेला असेल तर ती फांदी आडवी वाढलेली होती. गाठीही तपासाव्यात. पोटात एखादी गाठ आली तर चालते, शोभूनही दिसते. मानेत किंवा मुठीत आली तर तो तुकडा चुलीला. गाठीभोवती रेषा वळसा घेतात, म्हणजे मुठीत त्या आडव्या तुटतात. मुठीच्या जागी फांदीला बाक असेल तरी तेच होतं, कारण सरळ मूठ काढताना बाकाच्या रेषा कापल्या जातात.

पडून किती दिवस झाले हेही बघायला हवं. कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकून पाहावं. खणखणीत वाजली तर ठीक, बदबद आवाज आला तर आतून कुजलीय. सालीला टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर पोखरणारा भुंगा आत आहे, ती घरात आणूच नये.

फांदी आणली की त्याच दिवशी दोन्ही तोंडांना फेविकॉलचे दोन जाड हात द्यावेत. वितळवलेलं मेण किंवा उरलेला ऑइलपेंटही चालतो. कापलेल्या तोंडातून पाणी अंगापेक्षा कितीतरी वेगाने उडतं, आणि सोलापुरातल्या मे महिन्याच्या हवेत एका दुपारीत तोंडाला चांदणीसारख्या चिरा पडतात. रात्री करू म्हणून ठेवलं की गेलं.

ओलं असतानाच घडवायचं

वाळलेली बाभूळ म्हणजे दगड. पटाशीची धार दहा मिनिटांत जाते. म्हणून कच्चा आकार लाकूड ओलं असतानाच काढून घ्यावा. त्याचा दुसरा फायदा वाळण्यात होतो: जाडी कमी झाली की आतलं आणि बाहेरचं लाकूड जवळपास सारख्या वेगाने वाळतं.

आधी वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीने, साल पूर्ण काढावी, सालीखालीच किडे अंडी घालतात. दोन्ही तोंडांवर मध्य काढावा आणि गेरूत भिजवलेली दोरी ताणून अंगावर चार बाजूंनी सरळ रेघा माराव्यात. फांदीचं जाड टोक बुडाला, बारीक टोक मुठीला. मुठीच्या भागावर दर दोन-अडीच सें.मी.ला करवतीने गोल फिरवत खाचा घ्याव्यात. कच्च्या मुठीची जाडी पाच सें.मी. ठेवायची असते, म्हणजे साडेदहाच्या फांदीत प्रत्येक खाच पावणेतीन सें.मी. खोल. करवतीच्या पात्याला तेवढ्या खोलीवर चिकटपट्टी लावून खूण केली की खाचा एकसारख्या येतात. मग मधले ढलपे पटाशीने उडवायचे. पटाशी नेहमी पोटाकडून मुठीकडे, जाड भागाकडून बारकाकडे चालवावी. उलट चालवली तर रेषांच्या पोटात घुसते आणि मानेतून लांब साल निघते. मानेतली ही जखम भरून येत नाही.

पोट आधी चौकोनी, मग अष्टकोनी, मग सोळा कडांचं करत गोल करावं. डोळ्याच्या अंदाजाने थेट गोल करायला गेलं की एक बाजू चपटी होते आणि फिरवताना मुद्गल मनगटात वळतो. सगळीकडे एक ते दीड सें.मी. जास्तीचं लाकूड ठेवावं, मुठीला तर हमखास. मूठ आत्ताच तीन सें.मी. केली तर ती पोटाच्या कितीतरी आधी वाळते, वाकते आणि मानेशी तिला चीर जाते.

भेंडाची रेघ मुठीच्या मधोमध तरी जावी, नाहीतर मुठीच्या पूर्ण बाहेर. अर्ध्या मुठीत ती पृष्ठभागावर बाहेर पडत असेल तर तीच पुढे तुटायची जागा. अशा वेळी कोरण्याचा मध्य थोडा सरकवून घ्यावा. वीस सें.मी. जाडीची फांदी मिळाली तर उत्तमच: ती पाचर मारून उभी फोडायची, प्रत्येक अर्ध्यातून भेंड वगळून एकेक मुद्गल काढायचा. तो क्वचितच उकलतो.

आणि अख्ख्या फांदीचा मुद्गल उकलतो का? गोलाईच्या दिशेने लाकूड मध्याकडच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट आकसतं. बाहेरचा घेर आतल्यापेक्षा जास्त लहान व्हायला बघतो, आणि कुठेतरी फाटल्याशिवाय ते शक्य नसतं. चीर पडणारच, मग ती आपण म्हणू तिथे पडू द्यावी. बारीक करवतीने बुडापासून पोटाच्या एका बाजूला भेंडापर्यंत उभी चीर द्यावी आणि मानेच्या दहा सें.मी. आधी थांबावं. वाळताना हीच चीर इंग्रजी व्हीसारखी रुंदावते आणि बाकीचं अंग शाबूत राहतं. पूर्ण वाळल्यावर त्याच लाकडाची पाचर फेविकॉल लावून ठोकायची आणि रंध्याने समतल करायची. काम नीट झालं तर जोड शोधावा लागतो.

वाळवण

कच्चे मुद्गल गोणपाटात गुंडाळून, भोवती त्यांचाच कोरडा भुसा आणि ढलपे भरून, घरातल्या सर्वांत गार आणि वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात आडवे ठेवावेत. पत्र्याखाली नाही, गच्चीवर नाही, कूलरसमोर तर अजिबात नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले तर बुरशी येते. पहिले पंधरा दिवस दर दोन-तीन दिवसांनी उघडून बघावं, भुसा दमट लागला तर बदलावा. महिन्यानंतर गोणपाट सैल करावं, दोन महिन्यांनी काढून टाकावं.

किती दिवस, याचं उत्तर वजनकाटा देतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करून ते मुद्गलाच्या बुडावर पेन्सिलीने लिहीत जावं. सुरुवातीला भराभर उतरतं, मग मंदावतं. ओल्या फांदीच्या वजनाचा पाव ते तिसरा हिस्सा निव्वळ पाणी असतं. लागोपाठ तीन आठवडे पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला नाही की वाळला. या जाडीला चार ते सहा महिने धरून चालावं. वळवात पडलेली फांदी तोंडं बंद करून सावलीत ठेवली आणि आषाढात, हवा दमट झाल्यावर घडवली, तर संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, सुमाराला जोडी तयार मिळते. फाल्गुन-चैत्रात ओलं लाकूड घडवायला घेणं म्हणजे ते फोडायलाच घेणं. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, चाळिशीच्या वरचा, लाकडाला सवलत देत नाही.

गाड्या घडवणाऱ्यांची जुनी रीत अशी, की बाभूळ आधी काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची. त्यामुळे लाकडातला किड्याला आवडणारा अंश धुऊन जातो. विहीर किंवा हौद हाताशी असेल तर ओला कच्चा मुद्गल तीन-चार आठवडे बुडवून ठेवावा, वर दगड ठेवून. पाणी काळं होतं आणि वास येतो, तेव्हा ते बदलत राहावं. बाभळीचं सालीलगतचं पांढरं लाकूडच कीड खाते, आतलं तांबूस सहसा खात नाही. जाडी पुरत असेल तर पांढरं सगळं तासून टाकणं हा सर्वांत खात्रीचा उपाय.

शेवटचा आकार आणि जुळणी

वाळल्यावर पटाशीपेक्षा जाड दातांची कानस आणि रंधा. मूठ कानसीने हळूहळू बारीक करत मध्येमध्ये हातात धरून बघावी. बोटांची टोकं अंगठ्याच्या मुळाला जेमतेम टेकली पाहिजेत, बहुतेकांना ती २.८ ते ३.२ सें.मी. येते. बारीक मुठीला पकड जास्त आवळावी लागते आणि कोपर दुखायला लागतं. टोकाची गोटी किमान साडेचार सें.मी. व्यासाची, करंगळीच्या बाजूला छान गोलवलेली, कुठेही कड नको. घामाने हात निसटला तर मुद्गलाला अडवणारी तेवढीच गोष्ट असते.

मान म्हणजे मुठीतून पोटात जाणारा लांबट, सावकाश उतार. तिथे पायरी ठेवली, म्हणजे काटकोनात मूठ आणि लगेच पोट, तर ताण त्या कोपऱ्यात साठतो आणि तिथूनच तडकतं. बोट मुठीवरून पोटाकडे सरकवलं तर कुठे सुरुवात झाली ते कळता कामा नये.

जोडीतला जो हलका येईल तो नमुना धरावा आणि दुसरा त्याच्याकडे आणावा. फरक वीस ग्रॅमच्या आत आला पाहिजे. पण वजन सारखं असूनही हातात वेगळे लागणारे मुद्गल असतात. तेव्हा मुद्गल रूळपट्टीच्या कडेवर आडवा तोलून बघावा. वर दिलेल्या मापात तोलाची जागा गोटीच्या टोकापासून साधारण ३७ सें.मी.वर येते. दोघांत एका सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक नको. तोल बुडाकडे गेला असेल तर बुडाचं लाकूड उतरवावं, मुठीकडे आला असेल तर मानेच्या पुढचं पोट किंचित कमी करावं. मूठ आणि मानेला या कामासाठी हात लावू नये.

मग पॉलिश पेपर, ८० नंबर, १२० आणि शेवटी १८०. मुठीला त्याहून गुळगुळीत करू नये. मुठीला व्हार्निशही नको. घामाने ते निसरडं होतं आणि तळव्याला फोड येतात. जवसाचं तेल सर्वांत चांगलं, ते हवेत वाळून घट्ट होतं. आपल्याकडचं करडईचं तेलही वाळणारं आहे, जरा जास्त दिवस घेतं इतकंच. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल वाळत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं. फडक्याने पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्यावं, दोन-तीन दिवस थांबून पुढचा. असे चार हात पुरेत. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. वाळणारं तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळा केलेल्या फडक्यात ती साठते आणि ते आपोआप पेट घेऊ शकतं. सोलापूरच्या मे महिन्यात तर हे अगदी खरं धरून चालावं. फडकं दोरीवर पसरून वाळवावं किंवा पाण्यात बुडवून टाकावं.

फिरवायला सुरुवात करण्याआधी मुद्गल गुडघ्याएवढ्या उंचीवरून मऊ मातीत चार-पाच वेळा वेगवेगळ्या बाजूंनी पडू द्यावा आणि कान देऊन ऐकावं. फुटका आवाज आला तर चीर आत कुठेतरी आहे. पहिले काही दिवस मातीवर, मोकळ्या जागेत, समोर-मागे कुणी नसताना फिरवावं. दर आठवड्याला मानेवर ओला हात फिरवावा. चीर असेल तर पाणी तिच्यात शिरून काळी रेघ दिसते.

पोटातल्या उभ्या चिरा भुसा आणि फेविकॉलने भरून निभावतात. मानेतली आडवी चीर, केसाएवढी का असेना, निभावत नाही. तार गुंडाळून, खिळा किंवा बोल्ट मारून, पट्टी आवळून तो मुद्गल पुन्हा फिरवू नये. पोट कापून उखळीच्या मुसळाला किंवा खुंटीला वापरावं. जोडीतला दुसरा जपून ठेवावा: त्याचं वजन, तोलाची जागा आणि मुठीची जाडी बुडावर लिहून, नवा जोडीदार त्याच्यावरून घडवायचा.